अर्धा बांगडा : शार्कच्या भीतीचं एक सोलापुरी प्रकरण

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. मी मानसोपचार करते, त्यामुळे माझ्याकडे पाणी आलं नाही म्हणून झोप उडालेली माणसं येतात. पाण्यात काय असेल या धास्तीने झोप उडालेलं कुणी आलं नव्हतं. जुलै २०२४ मध्ये एक गृहस्थ समोरच्या खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "मॅडम, हसू नका. मला शार्कची भीती वाटती." मी हसले नाही, पण ओठ आवळावे लागले हे कबूल करते. इथून गाडीने समुद्र गाठायचा म्हटलं तर दिवस जातो. माणूस सोलापुरात राहून शार्कला घाबरत असेल तर त्याने समुद्रावर जाऊ नये, संपलं, असा विचार माझ्याही मनात क्षणभर आला. तो चुकीचा होता.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते.

अण्णांचं वय ४३. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग. घरी तेलुगू, मागावर तेलुगू-मराठीची खिचडी, व्यापाऱ्यांशी हिंदी. बीपीची एक गोळी चालू. व्यसन नाही, मासेमारीला व्यसन धरायचं नसेल तर. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून हिप्परग्याच्या तलावावर जायचे. १८७१ साली बांधून झालेला हा तलाव सोलापूरच्या कित्येक पिढ्यांनी गळ टाकून बघितला आहे. मोठेपणी उजनी. राहू, कटला, मरळ, वाम, आणि आता जिकडेतिकडे चिलापी. २०२२ मध्ये त्यांनी मासेमारीसाठीची कयाक घेतली. वर बसायची, जाड प्लॅस्टिकची, बारा फुटी, तीस किलोच्या आसपास. उजनीत ती छान चालली. पण घेतली होती समुद्रासाठी. कोल्हापूर-पुण्याकडचे चार मित्र दर डिसेंबरला मालवणला जातात, आणि दर डिसेंबरला अण्णांना काहीतरी अडचण येते. एकदा सुताचे भाव, एकदा भाच्याचं लग्न, एकदा जीएसटीचं रिटर्न. "यंदा मित्र म्हणाला, अण्णा, कयाक वीक आम्हाला. तवा लागलं मनाला."

पुढे एकदा मी कारखान्यात गेले तेव्हा ती कयाक पाहिली. सुताच्या कोनांच्या खोक्यांवर, छताला दोरीने टांगलेली. अंगावर कापसाचा पांढरा थर इतका, की रंग ओळखू येईना. अण्णांनी बोटाने एक रेघ ओढली तेव्हा आतून नारिंगी दिसली.

तारकर्लीची ती सकाळ

भीतीची तारीख त्यांना पाठ होती. २०१७ चा नोव्हेंबर, तारकर्ली, भाड्याची दोन माणसांची कयाक, मागे मेहुणा. बांगड्यासाठी चार बारीक गळांची दोरी सोडलेली. बांगडा लागला. बांगडा ओढतो तो कसा ओढतो हे अण्णांनी मला टेबलावर बोटं नाचवून दाखवलं: टरटर, टरटर, शिलाई मशिनीसारखं. मग एक जड हिसका. मग काहीच नाही. दोरी हलकी. वर ओढली तर गळाला बांगड्याचं डोकं, कल्ले आणि चार बोटं अंग. मागचा भाग गेलेला.

"कापल्यासारखा नव्हता मॅडम. चावून नेलेला होता."

त्यांनी पाय वर घेतले ते घेतलेच. हात वल्ह्यावर पण वल्हं हलेना. छाती धडधडायला लागली, कानात शिट्टी, बोटांना मुंग्या. किनारा दोनशे मीटरवर होता. मेहुण्याने एकट्याने कयाक आणली. वाळूवर उतरल्यावर अण्णांना उलटी झाली, आणि मेहुण्याने ही गोष्ट पुढची सात वर्षं प्रत्येक बारशाला सांगितली. त्यानंतर समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा पाय नाही. २०१९ मध्ये गणपतीपुळ्याला मुलीने हात धरून ओढलं तेव्हा चप्पल तुटल्याचं सोंग केलं.

चौथीत असताना गल्लीत व्हीसीआर भाड्याने आणून शार्कचा एक इंग्रजी सिनेमा दाखवला होता, तो त्यांनी चादरीच्या भोकातून पाहिला होता. मूळ तिथेच असेल असं त्यांना वाटत होतं. मला तसं वाटलं नाही. त्या सिनेमानंतर ते पंचवीस वर्षं समुद्रावर जात होते, पोहत होते. सिनेमाने चित्र दिलं. तारकर्लीच्या त्या सकाळीने त्या चित्रात जीव घातला.

० ते १०० ची पट्टी मी सगळ्यांसाठी वापरते: ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे याहून जास्त घाबरता येणार नाही. अण्णांचे आकडे असे आले. समुद्रकिनारी वाळूवर उभं राहणं ३०. घोट्यापर्यंत पाणी ५०. कयाकमध्ये, पाण्यावर, गळ न टाकता ७०. गळ टाकून ८५. मासा लागलेला, ९५. मी विचारलं, मग १०० कशाला? शार्क समोर दिसली तर? ते थोडं थांबले. "नाही. दिसली तर बहुतेक ९०. १०० म्हणजे दोरी हलकी होती ना, ती वर ओढायची."

ही गोष्ट बाहेर यायला तिसरी बैठक उजाडली आणि सगळं प्रकरण तिथून उलगडलं. अण्णांनी आयुष्यात जिवंत शार्क पाहिलेली नव्हती. त्यांची भीती त्या हिसक्यात आणि दोरी हलकी होण्यात, मधल्या दोन-तीन सेकंदांत बसली होती. खाली काहीतरी आहे, ते मोठं आहे, आणि मला दिसत नाही.

निदान सरळ होतं. विशिष्ट भय, म्हणजे एकाच गोष्टीला धरून बसलेली भीती. सहा महिन्यांहून जुनं, टाळाटाळीवर पोसलेलं. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटणंच पुढच्या वेळी टाळायला शिकवतं. शिवाय अण्णा रोज रात्री अंथरुणात मोबाईलवर शार्कच्या हल्ल्यांचे व्हिडिओ बघत होते. का, तर "तयारी म्हणून". मी त्यांना आठवडाभर वेळ मोजायला सांगितली. सरासरी ४० मिनिटं निघाली. सात वर्षं रोज ४० मिनिटं तालीम केली तर माणूस कशातही प्रवीण होतो.

माझी चूक

दुसऱ्या बैठकीत मी आकडे सांगितले होते. आपल्या धंद्यात ही खोड वाईट आहे, पण सुटत नाही. फ्लोरिडाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे जगभरच्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवली जाते. माणसाने डिवचलेलं नसताना झालेले हल्ले २०२३ मध्ये सगळ्या जगात मिळून ६९, त्यांत मृत्यू १०. आपल्या देशात दरवर्षी पाण्यात बुडून पस्तीस हजारांहून जास्त माणसं जातात. मी हे अगदी खुशीत सांगितलं.

अण्णा म्हणाले, "त्या ६९ जणांना पण कुणीतरी आधी आकडाच सांगितला असंल की."

आणि पुढच्या बैठकीला ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. फेब्रुवारी २०२४. पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. परदेशातली बातमी नव्हती, महाराष्ट्रातली होती. माणूस पर्यटकही नव्हता, मासे पकडणारा होता. मी वाद घालायला गेले असते तर तिथेच हरले असते. मी म्हटलं, खरं आहे. झालं आहे. पुन्हाही होऊ शकतं. बुल शार्क खाडीत, गोड्या पाण्यातसुद्धा शिरते, तिच्या शरीराला क्षारांचं गणित सांभाळता येतं.

हे खरं बोलल्याची किंमत लगेच मोजावी लागली. अण्णांच्या पत्नीने तेच कात्रण वाचलं होतं. त्यांनी घरी विचारलं, "नदीत पण येती म्हणे, मग उजनीत?" आणि जो माणूस वीस वर्षं उजनीत निवांत बसत होता, तो त्या रविवारी कयाक गाडीवरून उतरवेना. भीती पसरते ती अशी, तेलाच्या डागासारखी, कापड विणणाऱ्याला सांगायला नको.

पुढच्या बैठकीला दोघं आले. मी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर ठेवला आणि वैनींना म्हटलं, शार्कला तुम्हीच उजनीला आणा. समुद्र कुठला? त्या म्हणाल्या, अरबी. मी म्हटलं, भीमा तिकडे जात नाही. ती रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे पाहुणीला आंध्रातून यावं लागेल. आधी विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज. मग नागार्जुनसागर. मग श्रीशैलम. मग जुराळा. तिथून भीमेत वळायचं, सगळे बंधारे चढायचे, आणि शेवटी उजनीची भिंत. वैनी नकाशावर बोट सरकवत श्रीशैलमपर्यंत आल्या आणि हसायला लागल्या. "एवढं चढून आली तर तिला जेवायला वाढू की ओ." अण्णा हसले नाहीत, पण पुढच्या रविवारी उजनीला गेले.

आकडा आणि नकाशा यांत मला फरक दिसला तो असा: आकडा अण्णांना गप्प करण्यासाठी होता, नकाशावर त्यांनी स्वतः बोट फिरवलं.

पाच

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं.

भीतीच्या पट्टीवर उजनीला अण्णांनी ५ दिले होते. गप्पांच्या ओघात मी विचारलं, लाइफ जॅकेट कुठलं वापरता? "उजनीत? उजनीत कशाला? आपलंच पाणी हाय." कयाकसोबत आलेलं जॅकेट त्यांनी पाठीला टेकायला उशी म्हणून ठेवलं होतं. एकटेच जात. मोबाईल खिशात, साध्या पिशवीत. उलटल्यावर परत वर चढून बघितलंय का? "उलटतच नाही ती, रुंद हाय."

याच उजनीत, दोन महिन्यांपूर्वी, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली होती. सात जण होते, एक पोहून निघाला, सहा बुडाले. त्यांत लहान मुलं होती. सोलापूर जिल्ह्यात ही बातमी माहीत नाही असा माणूस नाही. अण्णांनाही माहीत होती, कुगावचा धक्काही माहीत होता. "त्या दिवशी वारंच तसलं होतं," ते म्हणाले.

मी त्या दिवशी फाइलमध्ये लिहिलं: समुद्राच्या ९५ ची मला तेवढी काळजी वाटत नाही. उजनीच्या ५ ची वाटते.

आम्हा लोकांना भीती उतरवायला शिकवलेलं असतं. भीती चढवायची कशी, हे शिकवत नाहीत. पण हा माणूस बरा होऊन समुद्रात गेला असता तर कयाकवर जॅकेटशिवाय, एकटा, परत चढता न येणारा, आणि माझ्यामुळे निर्धास्त. शार्कची भीती आजवर त्याला किनाऱ्यावर ठेवत होती. ती मी काढून घेणार असेन, तर तिच्या जागी काही ठेवायला हवं होतं. म्हणून भीतीच्या पट्टीवर पायरीपायरीने जायच्या दोन शिड्या केल्या. एक उतरायची, शार्कची. एक चढायची, वाऱ्याची. सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून बीपी आणि ईसीजी तपासून घेतला. धडधड मुद्दाम वाढवायची असेल तर हृदयाला आधी विचारावं.

चढायची शिडी ऑगस्टपासून. उजनी भरत आलेली. कोल्हापूरचा मित्र, ज्याला कयाकचं नीट शिक्षण आहे, तो दोन रविवार आला. तिथल्या मच्छीमारांना सांगून, त्यांची एक होडी जवळ ठेवून, कंबरेच्या वर पाणी असलेल्या जागी अण्णांनी कयाक मुद्दाम उलटवली. मी काठावर उभी होते. पहिल्यांदा ते ज्या आवाजाने पाण्यात पडले, त्याने काठावरचे बगळे उडाले. मग सरळ करून वर चढायचं. अण्णा नव्वद किलोचे. कयाकची कड धरून, भिंतीवर चढावं तसे हातांनी उचलायला गेले आणि कयाक पुन्हा त्यांच्यावर उलटली. सहा वेळा. सातव्यांदा मित्र ओरडला, "अरे वर नको चढू, आडवा हो!" पाय मागे मारत अंग पाण्यावर आडवं आणायचं, मग पोटावर सरपटत कयाकवर आडवं पडायचं, मासा बर्फावर पडतो तसं, मग कूस बदलून बसायचं. आठव्यांदा जमलं. अण्णा बसले, नाकातून पाणी, एक चप्पल वाहून गेलेली, आणि म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी इथं एकटा..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. उजनीचे ५ त्या संध्याकाळी ४० झाले. माझ्या कारकिर्दीत रुग्णाची भीती वाढली म्हणून मी पहिल्यांदाच खूश होऊन घरी गेले.

उतरायची शिडी मात्र बाजारातून सुरू झाली.

अण्णांना माहीत नव्हतं की कोकणात शार्क खातात. मुंबई-पालघरकडे मुशी, मालवणकडे मोरी. मोरीचं मटण म्हणतात, मटणासारखंच वाटण लावून करतात, बाळंतिणीलाही देतात. मी सोलापुरातल्या मासळीवाल्याला सांगून एक मोरी मागवली. समुद्राची मासळी इकडे बर्फाच्या खोक्यांतून येते, सुरमई-पापलेट-बांगडा. मोरी म्हटल्यावर त्याने दोनदा विचारलं, नक्की का? आली ती हातभर, राखाडी, चपट्या फावड्यासारख्या नाकाची. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त सापडणारी ही शार्क एवढीच असते.

खोकं अण्णांच्याच कारखान्यात, कटिंगच्या टेबलावर उघडलं. पहिली पाच मिनिटं ते दारात. आकडा ६५. मग टेबलापाशी. मग एका बोटाने पाठीला स्पर्श. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला. मऊ. उलटा फिरवला, आणि थांबले. पुन्हा सुलटा. पुन्हा उलटा. शार्कच्या अंगावर खवल्यांऐवजी सूक्ष्म दातांसारखे काटे असतात, सगळे शेपटीकडे वळलेले. उलट हात फिरवला की पॉलिश पेपर. अण्णांनी बाजूच्या गठ्ठ्यातून एक टॉवेल ओढला, त्यावर हात फिरवला, मग मोरीवर. "मॅडम, हिला पाइल हाय." पुढची दहा मिनिटं ते मला टॉवेलचा पाइल, म्हणजे अंगावरचे उभे धागे, कुठल्या बाजूला झोपतो आणि शिअरिंग, म्हणजे ते धागे कातरणं, चुकलं तर काय होतं ते सांगत होते, एक हात शार्कवर ठेवून. आकडा विचारायचं मीच विसरले. नंतर विचारला, २०.

बर्फ वितळला, वास सुटला. शार्कच्या मांसात युरिया असतो, शिळं झालं की अमोनिया होतो. एवढ्या प्रवासानंतर ती काही खाण्याजोगी राहिली नव्हती. मागवाल्यांनी दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या.

पण मघाशी म्हटलं तसं, भीती शार्कमध्ये नव्हती. ती दोरी हलकी होण्यात होती. त्यासाठी ऑक्टोबरमध्ये जे केलं ते ऐकून माझ्या नवऱ्याने मला विचारलं, तुझी पदवी नक्की कशातली आहे. सोलापूरच्या बाजारातून बांगडे घेतले, मधोमध तिरके कापले, आणि उजनीत कयाकवर बसलेल्या अण्णांच्या गळाला दुसऱ्या होडीतून पुतण्याने ते लावून दिले. पुतण्याने दोरी टरटर हलवायची, मग जोरात हिसका द्यायचा, मग सोडून द्यायची. कधी सोडणार ते सांगायचं नाही. अण्णांनी वर ओढायचं आणि जे वर येईल त्याकडे नजर न फिरवता बघायचं. वर येणार अर्धा बांगडा, हे दोघांनाही ठाऊक. नाटकच. तरी पहिल्यांदा आकडा ८०, हात थरथरले, पाय आपसूक वर गेले. काठावरचे मच्छीमार बघत होते. गोड्या पाण्यातून समुद्राचा मासा, तोही अर्धा, वीस वेळा वर येतोय, एकाने विचारलं, "पूजा-बिजा हाय का काय?"

विसाव्या वेळी ३०. पण मला त्या आकड्यापेक्षा एक प्रश्न मोलाचा वाटला, जो अण्णांनी चौदाव्या वेळी विचारला. अर्धा बांगडा हातात धरून, उलटसुलट करून, "तारकर्लीला चावा असा सरळ होता का गोल, ते मी बघितलंच नव्हतं." खरंच होतं. मोठी सुरमई किंवा बाराकुडाही मासा असा मधोमध तोडते. ते सात वर्षं शार्क म्हणत होते, पण पुरावा पाहण्याआधीच त्यांनी डोळे मिटले होते. तेव्हा नक्की काय होतं, हे आता कधीच कळणार नाही, आणि न कळण्यासह बसायची सवय हीच खरी तालीम होती.

सावधगिरी कुठली आणि कुबडी कुठली

यावर आमचं भांडण झालं, आणि ते चांगलं झालं. अण्णांनी बरंच सामान जमवलं होतं. शार्क पळवणारा चुंबकाचा पट्टा, ऑनलाइन मागवलेला. मोठा सुरा. दर दोन मिनिटांनी मागे वळून पाणी बघायचं. वल्ह्याने पाणी आपटायचं. पाय नेहमी वर. दुसरीकडे, पकडलेला मासा दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत न ठेवणं, कयाकवर मासे साफ न करणं, गढूळ खाडीच्या तोंडाशी संध्याकाळी न जाणं, एकटं न जाणं, जॅकेट, शिट्टी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, वल्ह्याला दोरी.

वेगळं कसं करायचं? आम्ही एक साधी कसोटी ठरवली: मालवणचा मच्छीमार हे करेल का? मासा पाण्यात लोंबकळत ठेवायचा नाही, हे तो करेल, कारण तडफडणाऱ्या माशाने आणि रक्ताने दात असलेलं काहीही जवळ येतं. चुंबकाचा पट्टा बांधेल का? अण्णांनी पट्टा मुकाट्याने टेबलावर ठेवला. सुऱ्यावर मात्र ते अडले, आणि बरोबर होते: अडकलेली दोरी कापायला लहान सुरी लागतेच. मोठा सुरा घरी राहिला, वैनींनी तो कलिंगडाला लावला.

वाऱ्याचा अभ्यास अण्णांनी मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकातून केला. मतलई वारे, खारे वारे. आपण सगळ्यांनी मार्कांसाठी पाठ केलेलं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा कयाकला अलगद आत नेतो, कष्टच पडत नाहीत, आणि तेच धोक्याचं. परतताना तोच तोंडावर असतो. दुपारकडे खारा वारा उठला की पाणी खवळतं. म्हणून नियम: किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या पुढे नाही, आणि दहाच्या आत वाळूवर.

देवबाग

डिसेंबर २०२४. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, फोंडा घाट. कयाक बोलेरोच्या टपावर, धुतलेली. मी गेले नाही, फोनवर होते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, म्हणून कुठे गळ टाकायचा ते आधी स्थानिकांना विचारून घेतलं होतं. सोबत चार मित्र आणि भाड्याने ठरवलेली एक फायबरची होडी.

पहिला दिवस फक्त कर्ली नदीच्या शांत पाण्यात. ६० वर सुरू, दोन तासांनी २५. संध्याकाळी होडीवाल्या काकांनी अण्णांचं सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, "भियातास कित्याक? आमी मोरी खातव, मोरी आमका खाणा नाय." सहा महिने मी जे सांगत होते ते त्यांनी एका ओळीत संपवलं. फी मात्र मीच घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे संगमाबाहेर. ७५. अण्णा पुढे सांगतात ते असं: पाणी हिरवं, स्वच्छ, पायाखाली वाळू दिसत होती आणि मग दिसायची थांबली. ती थांबली तिथे पाय वर गेले. त्यांनी ते ओळखलं आणि पाय पुन्हा खाली ठेवले. मागे वळून बघायचं नाही असं ठरलेलं, दोनदा बघितलं. एक बांगडा लागला. टरटर. ९०. पूर्ण वर आला, शेपटीसकट. मग आणखी तीन. एक लहान गोबरा. पावणेदहाला वाळूवर. फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजामागे मेहुण्याचा आवाज होता, तो खास कोल्हापूरहून आला होता, आणि बारशांना सांगायची नवी गोष्ट शोधत होता.

त्या रात्री त्यांनी मोरीचं मटण खाल्लं. चवीबद्दल मत: "जरा कोरडं. आपलं बरं."

तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, थकलो. असेल. मी फाइलमध्ये टाळाटाळ असंही लिहिलं, प्रश्नचिन्हासह.

जानेवारीत दोनदा उजनी, जॅकेट अंगावर. होडीवाल्यांनाही आता ते जॅकेटवरून बोलतात, होडीवाले ऐकतात असं नाही. रात्रीचे व्हिडिओ बंद झाले होते, मग एकदा तासभर बघितले, मग पुन्हा बंद.

फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वानऊला माझ्या फोनवर फोटो आला. देवबाग. ओल्या, सुरकुतलेल्या तळहातावर अर्धा बांगडा. डोकं, कल्ले, चार बोटं अंग. चावा गोल होता. खाली लिहिलेलं: "मॅडम, ७०. मग ५०. वारं फिरायला लागलं म्हणून परत आलो."

मी पाच मिनिटांनी फोन केला. चावा नीट बघितलात? बघितला, बोट फिरवून बघितला. मग म्हटलं, अण्णा, परत वाऱ्याला भिऊन आलात की त्याला?

पलीकडे लाटेचा आवाज आला, कुणीतरी वल्हं वाळूवर टाकलं.

"अर्धं वाऱ्याला," ते म्हणाले. "अर्धं त्याला."